कोलॅजेनचा दावा आणि बाटलीवर नसलेले दोन आकडे

बंगळूरच्या चिकपेटेत रेशमी साडी घेणारे गिऱ्हाईक पदर उलटा करून पाहते, जरीची पारख करते, सिल्क मार्कची चिठ्ठी आहे ना याची खात्री करून घेते आणि मगच किमतीची घासाघीस सुरू करते. दुकानदारही साडी बांधून देताना आठवणीने सांगतो, ही उन्हात वाळवू नका. त्याच जुन्या पेठेच्या गल्ल्यांत फॅन्सी वस्तूंची आणि सौंदर्यप्रसाधनांची घाऊक दुकानेही आहेत. ग्लायकोलिक आम्लाचे सीरम, लॅक्टिक आम्लाचे लोशन, ‘फळांच्या आम्लांचे’ पील अशा बाटल्या तेथे डझनावारी मिळतात आणि ब्यूटी पार्लरांपासून घरच्या आरशापर्यंत पोहोचतात. अनेक बाटल्यांवर एकच आश्वासन असते: कोलॅजेन वाढते, त्वचा तरुण होते. साडीच्या दुकानात चार प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक येथे बहुधा एकच प्रश्न विचारते, आणि तो किमतीचा असतो.

हे आश्वासन खरे की खोटे, असे विचारले तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा त्वचेतील कोलॅजेनवर परिणाम होतो, याला प्रयोगांचा आधार आहे. मात्र तो परिणाम किती होईल, होईल की नाही, आणि त्याच्या जोडीने नुकसान किती होईल, हे दोन आकड्यांवर ठरते: आम्लाचे प्रमाण आणि द्रावणाचा सामू, म्हणजेच पीएच. नेमके हे दोन आकडे छापण्याची सर्वसाधारण सक्ती आपल्याकडे नाही. ती असावी, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ती मागावी, असे म्हणण्यास सबळ कारणे आहेत.

कोलॅजेन म्हणजे काय, येथून आरंभ केला पाहिजे. कारण ही कथा बंगळूरशी जोडलेली आहे. त्वचेच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोलॅजेनचा असतो. या प्रथिनाची रचना उलगडण्यात गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचा मोठा वाटा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली शिकलेले रामचंद्रन पुढे मद्रास विद्यापीठात गेले. तेथे केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळालेल्या कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाचा क्ष-किरण अभ्यास त्यांनी गोपीनाथ कार्था यांच्यासह केला आणि १९५४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात कोलॅजेनच्या तिहेरी रचनेची कल्पना मांडली. १९५५ मध्ये त्यांनी ती सुधारली: तीन साखळ्या एकमेकींभोवती दोरखंडासारख्या पिळलेल्या असतात. पुढे ते बंगळूरला परतले आणि भारतीय विज्ञान संस्थेत रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग त्यांनी उभा केला. चिकपेटच्या दुकानात ज्या शब्दावर बाटली खपते, त्या शब्दामागची रचना उकलणाऱ्या वैज्ञानिकाची कर्मभूमी त्याच शहरात, काही किलोमीटरवर आहे.

तीन साखळ्या इतक्या घट्ट पिळता येतात त्याचे कारण एका लहानशा अमिनो आम्लात आहे. कोलॅजेनच्या साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन असते. ग्लायसिन सर्व अमिनो आम्लांत लहान; पिळाच्या आतल्या अरुंद जागेत दुसरे कोणतेही मावत नाही. चिकपेटच्या रेशमातही हेच आहे. रेशमाच्या फायब्रॉइन या प्रथिनाच्या मोठ्या भागात ग्लायसिन एकाआड एक येते, म्हणून साखळ्या सपाट थरांत एकमेकींना चिकटून बसतात आणि धाग्याला बळकटी येते. साडीचा पोत आणि गालाची घट्ट त्वचा या दोहोंच्या मुळाशी ग्लायसिनची अशी शिस्तशीर मांडणी आहे.

ग्लायकोलिक आम्लाचे नावही याच घराण्यातले आहे. १८२० मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जिलेटिन, म्हणजे उकळून मोडलेले कोलॅजेन, आम्लात शिजवून एक गोड पदार्थ वेगळा केला. तो आजचा ग्लायसिन. त्याला त्या काळी ग्लायकोकोल, म्हणजे गोड सरस, असे म्हणत. १८४८ मध्ये ओग्युस्त लोरां यांनी या पदार्थाला जोडीदार असे एक आम्ल असावे असा तर्क करून त्याला ग्लायकोलिक हे नाव दिले, आणि १८५१ मध्ये ते प्रत्यक्ष तयार झाले. ग्लायसिनमधील अमिनो गटाच्या जागी हायड्रॉक्सिल गट बसवला की ग्लायकोलिक आम्ल मिळते. हे नाते नावाचे आणि आकाराचे आहे, एवढेच. बाटलीतले ग्लायकोलिक आम्ल त्वचेत शिरून कोलॅजेनच्या साखळीत जाऊन बसत नाही. परिणाम होतो तो दुसऱ्या मार्गाने.

त्या मार्गाकडे वळण्यापूर्वी वयाबरोबर कोलॅजेनचे काय होते ते पाहू. त्वचेचे ढोबळमानाने दोन थर: वरची बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा. कोलॅजेनचे दोरखंड अंतस्त्वचेत असतात आणि तंतुजनक पेशी ते विणतात. या दोरखंडांचे आयुष्य दीर्घ आहे. त्वचेतील कोलॅजेनचे अर्धायुष्य सुमारे १५ वर्षे मानले जाते. प्रौढ वयात त्वचेतील कोलॅजेन दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटते. तंतुजनक पेशींचे विणकाम मंदावते आणि जुन्या दोरखंडांचे तुकडे साचत जातात.

ही घट सूर्यप्रकाशाने वेग घेते. मिशिगन विद्यापीठातील गॅरी फिशर आणि जॉन वूरहीस यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले की त्वचा लाल होण्यास लागते त्याहूनही कमी अतिनील मात्रा कोलॅजेन कापणारी विकरे वाढवण्यास पुरेशी असते. त्वचा भाजली नाही, काळवंडली नाही, तरी आत कात्री चालू झालेली असते. दररोजच्या या छोट्या कापाकापीची दुरुस्ती पूर्ण होत नाही, आणि ही अपुरी दुरुस्ती वर्षानुवर्षे साचून चेहऱ्यावर सुरकुत्या दिसू लागतात. मनगटाची आणि दंडाच्या आतील बाजूची त्वचा शेजारी ठेवून पाहिली तर वय आणि ऊन यांच्या वाट्यांतील फरक कोणालाही दिसेल.

आता आम्लांकडे. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मॅलिक, टार्टारिक, सायट्रिक आणि मँडेलिक ही अल्फा हायड्रॉक्सी आम्ले. ऊस, दही, सफरचंद, चिंच, लिंबू अशा ओळखीच्या पदार्थांत त्यांतील एकेक आढळते, म्हणून त्यांना ‘फळांची आम्ले’ हे लाडके नाव मिळाले. बाजारातील बहुतांश ग्लायकोलिक आम्ल मात्र उसाच्या फडातून येत नाही. ते कारखान्यात रासायनिक मार्गाने तयार होते. यात वाईट काही नाही, कारण रेणू तोच असतो. बाटलीवरील उसाचे चित्र पाहून ते सौम्य असल्याचा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरते.

त्वचारोगशास्त्रात ही आम्ले आली ती सुरकुत्यांसाठी नव्हे. १९७४ मध्ये यूजिन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी इक्थिओसिस या विकारावर, म्हणजे माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या रोगावर, त्यांचा उपयोग प्रसिद्ध केला. ही आम्ले बाह्यत्वचेच्या वरच्या मृत पेशींमधील बंध सैल करतात आणि खवले गळून पडतात. पुढे ध्यानात आले की दीर्घकाळ वापरल्यास खालच्या थरातही बदल होतो. तेथून वार्धक्यविरोधी प्रसाधनांचा बाजार उघडला.

कोलॅजेनविषयीचा बहुतेकदा सांगितला जाणारा प्रयोग १९९६ चा आहे. त्यात १७ जणांनी एका हाताच्या पुढच्या भागावर २५ टक्के ग्लायकोलिक, लॅक्टिक किंवा सायट्रिक आम्लाचे लोशन आणि दुसऱ्या हातावर आम्लविरहित लोशन सरासरी ६ महिने लावले. आम्लाच्या हातावर त्वचेची जाडी सुमारे २५ टक्क्यांनी वाढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली कोलॅजेन अधिक दाट दिसले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात २० टक्के ग्लायकोलिक आम्लाचे लोशन दिवसातून दोनदा, ३ महिने हातावर लावण्यात आले. कोलॅजेन तयार करणाऱ्या जनुकाची सक्रियता आणि हायल्युरॉनिक आम्ल दोन्ही वाढले.

कार्यपद्धतीविषयीही काही उलगडले आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या तंतुजनक पेशींना ग्लायकोलिक आम्ल दिल्यास त्या अधिक कोलॅजेन बनवतात. शिवाय बाह्यत्वचेतील केराटिनपेशी आम्लाच्या स्पर्शाने इंटरल्युकिन-१ अल्फा हा संदेशवाहक रेणू सोडतात. तो खाली अंतस्त्वचेत पोहोचून तेथील जुन्या जाळ्याची मोडतोड आणि नवी उभारणी या दोहोंत बदल घडवतो. म्हणजे आम्लाचे काम विणकराचे नसून विणकराला हाक मारण्याचे आहे.

येथे वाचकाने थोडे सावध व्हावे. वरील दोन्ही अभ्यासांच्या लेखकांत यू आणि व्हॅन स्कॉट यांची नावे आहेत. या आम्लांच्या वापराची पेटंटे त्यांच्याकडे होती आणि त्यांनी या क्षेत्रात कंपनीही काढली होती. एवढ्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. शोध लावणाराच पुढील प्रयोग करतो, हे विज्ञानात नेहमीचे आहे. पण सहभागी १७, जागा हाताची, आम्ल २० ते २५ टक्के, आणि अभ्यासकांचा हितसंबंध, या चारही गोष्टी ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ या शिक्क्याखाली झाकल्या जातात. चेहऱ्यावर लावायच्या ५ टक्क्यांच्या सीरमला २५ टक्क्यांच्या लोशनचा पुरावा जोडणे हे गणिताच्या पेपरात शेजारच्या मुलाचे उत्तर उतरवण्यासारखे आहे. उत्तर बरोबर असले तरी गणित निराळे असते.

बाजारातील मात्रेच्या जवळ जाणारा एक चांगला प्रयोगही १९९६ चाच आहे. ४० ते ७० वयाच्या ७४ स्त्रियांवर २२ आठवडे केलेल्या या दुहेरी-अंध चाचणीत ८ टक्के ग्लायकोलिक, ८ टक्के लॅक्टिक आणि आम्लाविना तेच क्रीम यांची तुलना झाली. चेहऱ्यावरील सूर्यजन्य हानीत किमान एका श्रेणीची सुधारणा ग्लायकोलिक गटात ७६ टक्के, लॅक्टिक गटात ७१ टक्के स्त्रियांत दिसली. जाहिरातीला एवढे पुरते. तिसरा आकडा मात्र जाहिरातीत येत नाही: ज्यांना आम्लाविना साधे क्रीम दिले होते, त्यांच्यातही ४० टक्के स्त्रियांत तेवढी सुधारणा नोंदली गेली. आम्लाचा स्वतःचा वाटा शोधायचा तर ७६ मधून हे ४० वजा करावे लागतात. रोज नेमाने क्रीम लावणे, त्वचेत ओलावा टिकणे आणि पाहणाऱ्याची अपेक्षा, यांचाही हिशेबात मोठा वाटा असतो. ही सुधारणा श्रेणीतील एका पायरीची होती, हेही विसरता कामा नये.

तुलनेसाठी ट्रेटिनॉइनचे उदाहरण घेता येते. हे जीवनसत्त्व ‘अ’ पासून आलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. १९९३ च्या अभ्यासात १० ते १२ महिन्यांच्या वापरानंतर सूर्याने बिघडलेल्या त्वचेत पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली, तर साध्या क्रीमच्या गटात ती १४ टक्क्यांनी घटली. कोलॅजेनच्या बाबतीत आम्लांपेक्षा भक्कम पुरावा या औषधामागे आहे. तरीही त्याला चिठ्ठी लागते आणि आम्लाच्या बाटलीला काहीच लागत नाही.

आता त्या दोन आकड्यांचा हिशेब. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात सौम्य आम्लांचे विचरण शिकवले जाते. ग्लायकोलिक आम्लाचा पीकेए ३.८३ आहे. द्रावणाचा सामू ३.८३ असेल तेव्हा निम्मे रेणू अखंड आम्लरूपात आणि निम्मे आयनरूपात असतात. त्वचेचा वरचा थर तेलकट असल्याने त्यातून अखंड आम्लरूप सहज पार होते. विद्युतभारित आयन अडखळतो. १० टक्के ग्लायकोलिक आम्लाच्या द्रावणाचा सामू ३.५ असेल तर सुमारे ६८ टक्के रेणू अखंड असतात, म्हणजे कामाचे आम्ल ६.८ टक्के. त्याच १० टक्क्यांच्या द्रावणाचा सामू ५.५ वर नेला तर अखंड रेणू जेमतेम २ टक्के उरतात, म्हणजे कामाचे आम्ल ०.२ टक्के. बाटलीवर दोन्हीकडे ‘१० टक्के’ छापता येईल. एक बाटली दुसरीपेक्षा तीसपटीहून अधिक तीव्र आहे, हे कोणत्याही गिऱ्हाइकाला कळणार नाही.

घरगुती उपायांनाही हाच हिशेब लागू होतो. डाळीचे पीठ आणि दही चेहऱ्याला लावण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. दह्यात लॅक्टिक आम्ल साधारण १ टक्का आणि सामू ४.५ च्या आसपास. त्या सामूला अखंड आम्ल सुमारे ०.२ टक्के भरते. ८ टक्के लॅक्टिक आम्लाच्या क्रीमचा सामू ३.८६ असेल तर तेच ४ टक्के, म्हणजे वीसपट. दह्याने त्वचा मऊ वाटते, हे खरे. दही लावून कोलॅजेन वाढते हे म्हणणे आणि बाटलीतले आम्ल दह्याइतकेच निरुपद्रवी आहे हे म्हणणे, दोन्ही टिकत नाहीत. याउलट लिंबाचा रस थेट चेहऱ्यावर चोळणे धोक्याचे: त्याचा सामू २ ते ३ असतो आणि त्यातील काही द्रव्ये उन्हात त्वचेवर डाग आणि फोड उठवतात.

सर्वांत महत्त्वाचा धोका उन्हाचा आहे, आणि बंगळूरमध्ये तो फसवा आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने पुरस्कृत केलेल्या अभ्यासात ४ आठवडे ग्लायकोलिक आम्ल लावल्यावर अतिनील किरणांनी त्वचा लाल होण्याची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढली; पेशींच्या अतिनील हानीबाबतची संवेदनशीलता सरासरी दुप्पट झाली. वापर थांबवल्यावर आठवडाभरात ती पूर्ववत झाली. ज्या कोलॅजेनसाठी आम्ल लावायचे, त्यालाच कापणाऱ्या किरणांपुढे त्वचा अधिक उघडी पडते, असा हा विरोधाभास आहे. सनस्क्रीन, टोपी, छत्री यांविना दिवसा आम्ल वापरणाऱ्याचा व्यवहार एका हाताने विणून दुसऱ्या हाताने उसवण्याचा ठरू शकतो.

बंगळूर आणि चेन्नई जवळजवळ एकाच अक्षांशावर, विषुववृत्तापासून सुमारे १३ अंशांवर आहेत. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, आणि उंची १००० मीटरने वाढली की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. आकाश निरभ्र असेल तर बंगळूरच्या त्वचेवर चेन्नईपेक्षा अधिक अतिनील किरण पडतात. तरीही हवा गार असल्याने शरीराला तसे वाटत नाही. उष्णता जाणवते ती अवरक्त किरणांची आणि हवेची. अतिनील किरण जाणवत नाहीत. पुणे, बेळगाव, महाबळेश्वर येथील वाचकांनाही हे लागू आहे. ‘आज ऊन लागत नाही’ या वाक्याला त्वचेच्या दृष्टीने अर्थ नाही.

भारतीय त्वचेचा आणखी एक मुद्दा आहे. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य अतिनील किरणांपासून काही संरक्षण देते, त्यामुळे सुरकुत्या तुलनेने उशिरा येतात. पण अशी त्वचा चिडली, सुजली की मागे काळे डाग राहतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. सुरकुती पुसायला गेलेल्याच्या पदरी डाग पडण्याची शक्यता म्हणूनच अधिक. घरच्या वापराच्या सौम्य बाटल्यांखेरीज ३०, ५०, ७० टक्क्यांची पील-द्रावणेही विकली जातात. त्वचारोगतज्ज्ञ ती वापरतात तेव्हा मिनिटे मोजतात, आम्ल वेळेवर निष्प्रभ करतात आणि त्वचेचा इतिहास विचारून घेतात. त्याच तीव्रतेची बाटली चिठ्ठीविना घरी आली की घड्याळ पाहायला कोणी नसते. अमेरिकी प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये अशी तीव्र द्रावणे देखरेखीविना वापरू नयेत असा इशारा दिला, तो रासायनिक भाजण्याच्या धोक्यामुळेच.

यात एक दुःखद उपकथानक स्टेरॉइड मलमांचे आहे. गोरेपणासाठी आणि ‘चमक’ येण्यासाठी स्टेरॉइडयुक्त मलमे चेहऱ्याला लावण्याचा प्रघात देशभर पसरला. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तीव्र स्टेरॉइड तंतुजनक पेशींचे कोलॅजेन-उत्पादन दाबते. त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात. अशा पातळ झालेल्या त्वचेवर कोणी आम्ल लावले तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. पार्लरमध्ये पील करण्यापूर्वी ‘आधी कोणते मलम लावत होता’ हा प्रश्न विचारला जातो का, यावर एखाद्या स्त्रीचा चेहरा अवलंबून असतो.

कायदा याबाबत काय म्हणतो? औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम २०२० मध्ये आले. कायद्याच्या व्याख्येत प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणे, सुंदर करणे, रूप बदलणे यासाठी लावण्याची वस्तू. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करणारे जे पदार्थ सरकार अधिसूचित करील, ते औषधात मोडतात. येथे तर्काचा पेच उभा राहतो. बाटली खरोखरच अंतस्त्वचेत कोलॅजेन वाढवत असेल तर ती शरीराच्या रचनेवर परिणाम करते, मग तिच्याकडून औषधाइतका पुरावा का मागू नये? आणि ती तसे करत नसेल तर दावा दिशाभूल करणारा आहे, व दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना नियमांत मनाई आहे. उत्पादक दोन्ही डगरींवर हात ठेवतो: विकताना औषधाची भाषा, जबाबदारीच्या वेळी प्रसाधनाची.

वेष्टनावर घटकांची नावे उतरत्या क्रमाने छापावी लागतात, पण टक्केवारी आणि सामू छापण्याची सर्वसाधारण सक्ती नाही. परदेशातही एकमत नाही. अमेरिकेतील उद्योगाच्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत आणि सामू किमान ३.५ ही मर्यादा सुचवली; पार्लरसाठी ३० टक्के आणि सामू ३, तेही थोडा वेळ लावून धुऊन टाकण्याच्या अटीवर. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २००० मध्ये ग्लायकोलिक आम्लासाठी ४ टक्के आणि सामू किमान ३.८ असे कडक मत दिले. मर्यादा कोणती असावी यावर वाद होऊ शकतो. पण दोन्हीकडे मर्यादा सांगताना प्रमाण आणि सामू हे दोन आकडे एकत्रच सांगितले आहेत, कारण एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. भारतात मर्यादेचा वाद मिटेपर्यंत निदान दोन्ही आकडे आणि उन्हाची सूचना बाटलीवर ठळक छापण्याची सक्ती करता येईल. त्यासाठी नवा प्रयोग लागत नाही. उत्पादकाला हे आकडे ठाऊकच असतात.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, लहान उत्पादकांवर खर्चाचा भार पडेल. सामू मोजण्याचे यंत्र ही प्रसाधनांच्या कारखान्यातील प्राथमिक वस्तू आहे. ते ज्याच्याकडे नाही त्याने आम्ल बाटलीत भरूच नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर वाटतो: सामान्य गिऱ्हाइकाला सामू कळणार नाही, मग छापून उपयोग काय? याचे उत्तर चिकपेटच्या साडीच्या दुकानात मिळते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सिल्क मार्क आला. रेशमाचे रसायन त्यापूर्वीही गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हते आणि आजही नाही. तरी ती चिठ्ठी मागण्याची सवय हळूहळू लागली, कारण मागण्याजोगे काही तरी समोर होते. प्रश्न विचारायला आधी आकडा छापलेला असावा लागतो. तो छापला की पार्लरवाली विचारील, दुकानदाराला सांगावे लागेल, आणि शाळेतले मूल आईला समजावून सांगेल.

विद्यार्थ्यांची भूमिका येथे येते. सामू तपासण्याच्या पट्ट्या स्वस्त असतात आणि शाळेच्या प्रयोगशाळेत बहुधा असतातच. शिक्षकांच्या देखरेखीखाली, बाजारातल्या काही पातळ सीरमांचा सामू मोजावा, वेष्टनावरील टक्केवारी असल्यास तिच्याशी जोडून कामाच्या आम्लाचा हिशेब मांडावा, आणि कोणत्या बाटलीवर कोणता आकडा नाही याची तक्ता-नोंद करावी. पट्टीचे वाचन अचूक नसते, सामूत अर्ध्या एककाचा फरक पडला तरी हिशेब किती हलतो, हेही त्यातून उमजेल. चेहऱ्यावर काही न लावता, कोणालाही इजा न होता, रसायनशास्त्राचा एक धडा थेट बाजारात नेता येईल.

तोवर सामान्य माणसासाठी निष्कर्ष साधा आहे. सौम्य मात्रेची, आकडे स्पष्ट छापलेली आम्ले रात्री आणि बेताने वापरली तर बहुतेकांच्या त्वचेचा पोत थोडा सुधारतो. कोलॅजेनवरील परिणाम खरा असला तरी हळू आणि मर्यादित असतो, महिन्यांत मोजावा लागतो. तीव्र पील त्वचारोगतज्ज्ञाच्या हातीच असावे. पूर्वी स्टेरॉइड मलम लावले असेल, त्वचा चिडलेली असेल, तर आधी सल्ला घ्यावा. आणि कोलॅजेन वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय बाटलीत नसून सावलीत आहे. चिकपेटचा साडीवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला तो फुकट सांगतो. फरक इतकाच की साडी विटली तर दुसरी घेता येते.